बिऱ्हाड हलवावे कधी? ऊस, शाळा आणि दाखला



लागण कधी करावी, खोडवा किती ठेवावा, हे आपण दरवर्षी चार जणांना विचारून ठरवतो. पण पोरांच्या शाळेसाठी गावातलं बिऱ्हाड इस्लामपूरला हलवायचं म्हटलं, की हा विचार कुठं जातो कोण जाणे! खोली मिळाली, भाडं जमलं, टेंपो आला, की निघालो. म्हणून या खेपेचा पाठ उसाचा नाही, बिऱ्हाडाचा आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. थोरल्या मुलीच्या आठवीसाठी आम्ही ऐन दिवाळीनंतर तालुक्याला आलो. धाकटा तेव्हा चौथीत. त्यालाही दाखला काढून सोबत आणला. पुढल्या वर्षी पाचवीत त्याचा नवोदयचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा गुरुजी म्हणाले, "याला आता ग्रामीण कोटा नाही." पोरगा हुशार, पण संधी अर्धी झाली, आणि ती आमच्या घाईनं. तसं तुमचं होऊ नये.

१. दोन पंचांगे समोर ठेवा

एक उसाचे. अडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. मधे दिवाळीच्या सुमारास गाळप चालू होते आणि तोड केव्हा येईल, याचा नेम नसतो. दुसरे पंचांग शाळेचे. जूनच्या मध्याला शाळा भरते, एप्रिलअखेर परीक्षा संपतात, मे महिन्यात सुट्टी. दोन्ही पंचांगे जुळतात ती एकाच जागी : मेचा पहिला आठवडा ते जूनचा पहिला आठवडा. निकाल हातात असतो, बहुतेकांचा ऊस गेलेला असतो आणि अडसालीला अवधी असतो.

दिवाळीत हलवले तर मुलाला सहामाही एका शाळेत, वार्षिक दुसऱ्या शाळेत. गुरुजी नवे, सोबती नवे, आणि घरी बाप फडात. पोरानं सांगायचं कुणाला?

पैशाचा हिशोबही इथेच करावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे असते. तरी खोलीची अनामत आणि वह्या-गणवेश यांचा मेळ खात्यात जमा झालेल्या पैशावर घालावा, येणाऱ्या पैशावर नव्हे.

२. इयत्ता पाहून हला

पुष्कळ माध्यमिक शाळा पाचवीपासून असतात, त्यामुळे पाचवीला हलवायची आपली जुनी रीत. एरवी ती चांगली. पण नवोदयला बसवायचे असेल तर थांबा. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय पलूसला आहे. तिथे सहावीला प्रवेश मिळतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. या काळात एक दिवस जरी शहरी शाळेत नाव लागले, तरी मूल शहरी धरतात. नगरपालिकेच्या हद्दीतली शाळा म्हणजे शहरी. अशा मुलाला सहावीला हलवावे.

नववी-दहावी एकाच शाळेत व्हावी. दहावीचा अर्ज शाळेमार्फतच मंडळाकडे जातो. मधेच बदल म्हणजे कागदांची धावपळ. एकतर आठवी संपताच हला, नाहीतर दहावी होऊ द्या. घरात दोन-तीन मुले असतील तर ज्याचे वर्ष सर्वांत नाजूक, त्याच्या सोयीने तारीख धरा. आम्ही नेमके हेच केले नाही.

३. दाखला नीट वाचा

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच उभे राहून वाचा : नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात. चूक असेल तर शाळा सोडण्यापूर्वी दुरुस्ती मागा. नंतर खेटे घालावे लागतात. आणि एक लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते आठवीच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. तो यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.

४. हलायलाच हवे का?

ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो. गाडीची वेळ जमत असेल तर भाड्याची खोली कशाला? दुसरी वाट वसतिगृहाची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. घर मोडायचे नाही, मूल शिकवायचे, ही वाट आपल्याच भागाने दाखवलेली आहे.

५. आपल्या फडातली पोरं

आपण एकदा बिऱ्हाड हलवतो तर इतका घोर. बीडकडून येणारी तोडकरी कुटुंबे ते दरवर्षी हलवतात, तेही शाळा भर रंगात असताना, आणि परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. कायदा त्यांच्याही मुलांचा आहे. जवळच्या शाळेने त्यांना वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे असते. टोळी आली की मुकादमाला एवढे विचारा : पोरं किती, कितवीत, गावच्या शाळेचे शिक्षण हमी कार्ड आणले का? आणि आपल्या गावच्या गुरुजींना कळवा. कोप्यांपासून शाळेपर्यंत एकदा चालत जायला आपला अर्धा तास जाईल. त्या पोराचे वर्ष वाचेल.

ध्यानात ठेवा

मार्चमध्ये घरात बसून तारीख ठरवा, मुलांनाही विचारा. एप्रिलमध्ये नव्या शाळेत चौकशी करा. निकाल लागताच दाखला काढा. जूनच्या आधी आठ दिवस नव्या घरात राहायला जा, म्हणजे पोराला शाळेची वाट आणि शेजारचा एखादा सोबती तरी ठाऊक होईल. वाफसा पाहिल्याशिवाय आपण रानात पाऊल टाकत नाही. पोरांच्या बाबतीतही तेवढे धोरण असावे.