भरपाईचे भांडवल व्हावे : नवी मुंबईच्या अनुभवातून उद्योजकतेचा विचार

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांच्या परिसरात नवी मुंबई उभारण्याच्या कार्यास प्रारंभ झाला. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांच्या जीवनात त्यामुळे आमूलाग्र बदल घडून आला. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ धारकास देण्याची योजना हे त्या लढ्याचेच फलित होय.

मोबदला मिळणे हा हक्काचा प्रश्न आहे. तो मिळाल्यानंतर त्याचे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. घर, वाहन व लग्नकार्य यांत खर्च झालेली रक्कम परत येत नाही. तीच रक्कम जाणत्या हातांनी व्यवसायात गुंतविली, तर वर्षानुवर्षे उत्पन्न देऊ शकते. पैशाचे भांडवलात रूपांतर करणारे कौशल्य म्हणजेच उद्योजकता.

उद्योजक घडविता येतो

उद्योजक जन्मावाच लागतो, ही समजूत दृढ आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्‌क्लेलँड यांनी ती तपासून पाहिली. खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळात त्यांना असे आढळले की, यशाची आस असलेली माणसे खुंटीच्या अगदी जवळ उभी राहत नाहीत आणि फार दूरही जात नाहीत. प्रयत्नाने साधेल, पण सहज साधणार नाही, असे अंतर ती निवडतात. उद्योजक जुगारी नसतो. तो मोजून जोखीम घेतो. 1960 च्या दशकात मॅक्‌क्लेलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना अल्पमुदतीचे प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण घेतलेले व्यावसायिक इतरांच्या तुलनेने अधिक उद्यमशील झाल्याचे पुढील पाहणीत दिसून आले.

गावातील जुने शहाणपण

या कसोटीवर पाहता, नवी मुंबईच्या मूळ रहिवाशांना उद्योजकता सर्वस्वी परकी नव्हती. उधाणाचे पाणी केव्हा आत घ्यावे आणि पावसापूर्वी मीठ केव्हा उचलावे, हे मिठागर चालविणाऱ्यास ठरवावे लागे. होडी, जाळे, खलाशी आणि नाशवंत माल यांचा मेळ कोळी कुटुंबे रोजच घालीत. संधी ओळखणे, वेळ साधणे, माणसे सांभाळणे व नुकसानीनंतर पुन्हा उभे राहणे, हे गुण तेथे होतेच.

परिसरात संधीही निर्माण झाल्या. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, 1981 पासून टप्प्याटप्प्याने मुंबईहून स्थलांतरित झालेल्या कृषी उत्पन्नाच्या घाऊक बाजारपेठा आणि 1989 मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर यांना वाहतूक, दुरुस्ती, वेष्टन, भोजन अशा अनेक सेवांची गरज असते. अशी गरज हेरणे ही उद्योजकतेची पहिली पायरी होय.

हिशेबाची कसोटी

दुसरी पायरी हिशेबाची. समजा, एका महिला बचत गटाने कारखान्यातील कामगारांना जेवणाचे डबे पुरविण्याचे ठरविले. डब्याची किंमत 80 रुपये आणि त्यावरील शिधा, इंधन आदी खर्च 56 रुपये धरल्यास डब्यामागे 24 रुपये उरतात. भाडे, वेतन इत्यादी ठराविक मासिक खर्च 18,000 रुपये असेल, तर तो भरून निघण्यासाठी महिन्यास 750, म्हणजे 25 कामाच्या दिवसांत रोज 30 डबे जावयास हवेत. रोज 40 डबे गेल्यास महिन्यास 6,000 रुपये नफा होईल.

परंतु कारखान्याने 45 दिवसांनी पैसे दिले तर? 40 डब्यांसाठी मासिक खर्च 74,000 रुपये होतो. म्हणजे दीड महिन्याचे 1,11,000 रुपये खेळते भांडवल हाताशी हवे. ते नसल्यास नफ्यातील व्यवसायही बंद पडू शकतो. 2006 च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगाचे देणे कमाल 45 दिवसांत चुकते करणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. म्हणूनच नोंदणी, लेखी करार व रोजची खतावणी यांना पर्याय नाही. घरखर्चाचा व धंद्याचा पैसा वेगळा ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

मार्गदर्शनासाठी 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रे आणि 1988 पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र कार्यरत आहे. मात्र माहिती गरजूपर्यंत वेळेवर पोहोचावयास हवी. मोबदल्याचे वाटप होणार असेल, तर त्यापूर्वीच प्रशिक्षण शिबिर घेण्याची मागणी ग्रामपंचायत ठरावाद्वारे करू शकते. शिक्षकांना शालेय वस्तुभांडार विद्यार्थ्यांकडून चालवून घेऊन नफा-तोट्याचे गणित प्रत्यक्ष शिकविता येईल. अधिकाऱ्यांनी कर्जाच्या अर्जाबरोबरच अर्जदाराने केलेला हिशेब त्याच्यासमवेत तपासावा; अर्ज नामंजूर झाल्यास उणीव कोणती, हे स्पष्ट सांगावे.

जमीन एकदाच जाते आणि तिचा मोबदलाही बहुधा एकदाच मिळतो. तो पुढील पिढीच्या उपयोगी पडावयाचा असेल, तर उद्योजकतेचे शिक्षण धनादेशाच्या मागून नव्हे, त्याच्या आधी गावात पोहोचले पाहिजे.