सही करण्याआधी शब्द फोडून घ्या



"मला कुठं इंग्रजी येतंय?" असं आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतात. पण गटाच्या एका मीटिंगमध्ये आपण किती इंग्रजी शब्द बोलतो ते एकदा मोजून बघा. लोन, पासबुक, चेक, नॉमिनी, गॅरंटर, ओव्हरड्यू... वीस-पंचवीस शब्द सहज निघतील. शब्द तोंडात बसलेत. प्रश्न आहे तो अर्थाचा.

बस, बँक, पासबुक यांचा अर्थ पक्का माहीत आहे, कारण ती गोष्ट डोळ्याला दिसते. नॉमिनी, गॅरंटर, ओव्हरड्यू हे असे दिसत नाहीत. ते आपण अंदाजाने वापरतो. आणि नेमके हेच शब्द ज्या कागदावर असतात, तिथंच आपली सही किंवा अंगठा घेतात. अंदाज चुकला तर पैसे आपले जातात.

अवघड शब्दाला अवघड शब्द नको

डिक्शनरीत किंवा मोबाइलवर शब्द शोधला तर काय मिळतं? नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. कोलॅटरल म्हणजे आनुषंगिक तारण. एक कुलूप काढायला गेलो तर दुसरं कुलूप हातात आलं!

ही अडचण इंग्रजी शिकणाऱ्या सगळ्यांनाच आली आहे. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात होते. १९३५ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर एक डिक्शनरी काढली. तिच्यात सुमारे २४,००० नोंदी होत्या, पण त्या सगळ्या समजावून सांगायला फक्त १,४९० सोपे शब्द वापरले होते. म्हणजे थोडेच सोपे शब्द पक्के असले तरी त्यांतून मोठमोठे शब्द उलगडता येतात. आपल्याकडं तर सोप्या मराठी शब्दांची कोठारं भरलेली आहेत. तेच वापरायचे.

शब्द फोडायला चार प्रश्न विचारा:

१. कोण?
२. काय करायचं किंवा काय होतं?
३. केव्हा?
४. नाही केलं तर काय?

या चारांची उत्तरं जोडली की अर्थाचं वाक्य तयार होतं. आता आपल्या कागदांवरचे शब्द घेऊ.

गॅरंटर: दुसऱ्या कुणी कर्ज घेतलं आणि त्यानं फेडलं नाही, तर ते मी फेडीन, असं सही करून कबूल करणारी व्यक्ती. चौथा प्रश्न इथं महत्त्वाचा. कर्जदारानं पैसे थकवले तर बँक गॅरंटरकडं वसुलीला येऊ शकते. "नुसती सही कर, तुला काही भरायचं नाही" असं जाऊबाई म्हणो की शेजारीण, कागद तसं म्हणत नाही.

विटनेस: सही माझ्यासमोर झाली, एवढंच सांगणारी व्यक्ती. कर्जाची जबाबदारी तिच्यावर येत नाही. सही दोघींची सारखीच दिसते, पण सहीच्या खाली कोणता शब्द छापलाय यावर सगळं ठरतं.

को-बॉरोअर: कर्ज घेणारी दुसरी व्यक्ती. हिला कर्ज बुडण्याची वाट बघावी लागत नाही, पहिल्या दिवसापासून ती कर्जदारच असते.

आउटस्टँडिंग आणि ओव्हरड्यू: आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यातल्या बाया बाळहिरडा आणि मोठा हिरडा कधी एकत्र करत नाहीत, कारण भाव वेगळा मिळतो. हे दोन शब्दही असेच वेगळे ठेवायचे. आउटस्टँडिंग म्हणजे कर्जातली अजून फेडायची राहिलेली रक्कम. ओव्हरड्यू म्हणजे भरायची तारीख उलटून गेली तरी न भरलेली रक्कम. समजा ६०,००० रुपये कर्जातले ४०,००० फिटले. मग २०,००० आउटस्टँडिंग. त्यातला २,५०० रुपयांचा हप्ता १० तारखेला होता आणि तो राहिला, तर २,५०० ओव्हरड्यू. आउटस्टँडिंग असण्यात काहीच कमीपणा नाही. ओव्हरड्यूची मात्र काळजी करायची, कारण हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की बँक ते कर्ज बुडीत धरायला लागते आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं.

फ्लॅट आणि रिड्यूसिंग: ही व्याज मोजायची दोन मापं आहेत. समजा १२,००० रुपये वर्षभरासाठी घेतले, व्याज वर्षाला १२ टक्के, आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडलं. फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत पूर्ण १२,००० वरच व्याज लागतं, ते होतं १,४४० रुपये. रिड्यूसिंगमध्ये जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज. पहिल्या महिन्यात १२० रुपये, दुसऱ्यात ११०, असं उतरत शेवटच्या महिन्यात १०. सगळं मिळून ७८० रुपये. दोन्हीकडं "१२ टक्के"च सांगतात, पण व्याजात ६६० रुपयांचा फरक पडतो. म्हणून "टक्के किती?" एवढ्यावर थांबू नका, "फ्लॅट का रिड्यूसिंग?" हेही विचारा.

कोलॅटरल: कर्ज फिटलं नाही तर विकून पैसे वसूल करता यावेत म्हणून बँकेकडं अडकवून ठेवलेली वस्तू, जमीन, सोनं किंवा ठेव. 'उमेद' अभियानातल्या गटांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेनं कोलॅटरल मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शब्द माहीत असेल तरच "हे कशाला मागताय?" असं विचारता येईल.

ऑटो डेबिट: मी एकदा परवानगी दिली की ठरलेल्या दिवशी माझ्या खात्यातून पैसे आपोआप कापले जाणं. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे वर्षाचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये असेच कापले जातात. हे विमे १ जून ते ३१ मे असे चालतात. मे महिन्यात खात्यात पैसे नसले तर कापणार काय? विमा बंद पडतो, आणि तेच कळत नाही. म्हणून मे लागताच दोन्हीचे मिळून ४५६ रुपये खात्यात आहेत का, ते बघा.

एकच शब्द, दोन कागद

काही शब्द कागद बदलला की अर्थ बदलतात. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो पाठवणाऱ्या घरात औषधाच्या बाटलीवर 'वेटिंग पिरियड' छापलेलं असतं. तिथं त्याचा अर्थ: शेवटची फवारणी आणि तोडा यांच्यामध्ये निदान इतके दिवस गेलेच पाहिजेत, नाहीतर माल खाणाऱ्याच्या पोटात औषध जाईल. तोच 'वेटिंग पिरियड' आरोग्य विम्याच्या कागदावर आला तर अर्थ: विमा काढल्यापासून इतका काळ ठरावीक आजारांचा खर्च कंपनी देणार नाही.

नॉमिनीचंही तसंच. बँकेतल्या ठेवीची नॉमिनी म्हणजे खातेदार गेल्यावर बँक जिच्या हातात पैसे देते ती व्यक्ती. पैसे तिच्या हातात आले तरी ती एकटी मालक होत नाही, कायदेशीर वारसांचा हक्क तसाच राहतो. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या कायदाबदलापासून नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील, तर त्या पैशावर त्यांचा स्वतःचा हक्क धरतात. म्हणून अर्थ विचारताना "हा शब्द कोणत्या कागदावर आहे?" हेही सांगा.

मराठीत मागणं हा हक्क आहे

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक कर्जाआधी बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यायचा आहे. यात व्याज, फी आणि सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा आणि तो समजावूनही सांगायला हवा, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं आहे. तेव्हा "आम्हाला मराठीत द्या, आणि सांगा" असं म्हणताना लाजू नका.

गटात कसं करायचं?

दर मीटिंगला दहा मिनिटं आणि एकच शब्द. एकीनं घरातला कुठलाही कागद आणायचा, पासबुक, विम्याचा कागद, औषधाची पुडी, काहीही. त्यातल्या एका शब्दाला चार प्रश्न विचारायचे. सगळ्यांना पटलेलं वाक्य गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचं. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून तो शब्द इंग्रजी अक्षरांतही उतरवून घ्या, म्हणजे कागदावर दिसला की ओळखू येईल. उत्तर अडलं तर अंदाज लिहू नका. जागा रिकामी ठेवा आणि बँकेत गेल्यावर विचारून भरा.

वाक्य बरोबर जमलं का, याची परीक्षा सोपी आहे. गटातल्या शाळेत न गेलेल्या आजीला ते ऐकवा. आजीनं ते स्वतःच्या शब्दांत शेजारणीला सांगितलं तर वाक्य पास. आजी अडली तर ती नापास नाही, आपलं वाक्य नापास. पुन्हा सोपं करा.

पुढच्या मीटिंगसाठी तीन शब्द: डिफॉल्ट, रिन्युअल, मोरेटोरियम. आणि एक काम: आपापल्या खात्याला नॉमिनी कोण लावलाय, ते पासबुकात किंवा बँकेत जाऊन बघून या. कितीतरी खात्यांवर लग्नाआधीचं नाव तसंच असतं, काहींवर नावच नसतं. ते बदलायला एक फॉर्म लागतो. फॉर्मवरचा प्रत्येक शब्द फोडा, मगच सही करा.