वार पडल्यानंतरचे दोन तास

आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी यायची असली की तयारीला तोटा नसतो. खारीक-खोबरं फोडून ठेवलेलं असतं, अळीव आणलेले असतात, डिंकासाठी तूप कढवलेलं असतं. जुन्या नऊवारीची दुपटी शिवून धुऊन घडी घातलेली असतात. ओवा, बाळंतशेपा, वेखंड, शेगडी, सगळं जागच्या जागी. पण पोरीचा रक्तगट काय, असं त्या घरात विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. रात्री कळा सुरू झाल्या आणि ओढा भरलेला असला तर गाडी कुठून काढायची, पहिल्या रुग्णालयात जमलं नाही तर पुढे कुठे न्यायचं, हेही कुणी ठरवलेलं नसतं. माझा जीव वाचला तो यातलं थोडं तरी आधी ठरलं होतं म्हणून.

माझं सासर खोपोलीत, माहेर खांडसच्या बाजूला, भीमाशंकरच्या डोंगराखाली. रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी आले. नाव नोंदलेलं खोपोलीत, तपासण्या आणि सोनोग्राफी तिकडच्याच. माहेरच्या आशाताईच्या वहीत माझं नाव असायचं कारणच नव्हतं. नळावर आईशी बोलताना तिला कळलं आणि त्याच संध्याकाळी ती घरी आली. माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं, रक्तगटापुढचं ‘निगेटिव्ह’ वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “ताई, तुमच्या भावांचं रक्त कधी तपासलंय का?” तपासलं नव्हतं. तिने दोघांना कर्जतला पाठवलं. धाकटा माझ्याच गटाचा निघाला. घरात सगळे म्हणाले, एवढं कशाला, बाळंतपण तर सगळ्या बायांचं होतं.

सासरी नाव नोंदवून माहेरी बाळंत होणाऱ्या प्रत्येक मुलीने म्हणून पहिलं काम हे करावं: आल्याच्या दिवशी माहेरच्या आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना कळवावं. कार्ड कुठेही चालतं. त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो नवरा, भाऊ, आई, तिघांच्या फोनमध्ये असू द्यावा, कारण कार्ड पिशवीत राहतं आणि पिशवी नेमकी दुसऱ्याच गाडीत जाते.

कळा आषाढातल्या रात्री सुरू झाल्या. आधी कंबरेतून, मग ओटीपोटात. काकी म्हणाली, पहिलटकरणीला वेळ लागतो, उजाडेपर्यंत थांबू. ती चुकीचं बोलत नव्हती. पहिल्या खेपेला बारा-चौदा तास, कधी त्याहून जास्त लागतात. पण वेळ लागतो तो दवाखान्यात घालवायचा, घरी नाही. निदान आमच्याकडे पावसाळ्यात तरी नाही. त्यातच पाणी गेलं. आशाताईने आधीच बजावलं होतं की पाणी गेलं तर कळा असोत-नसोत, निघायचं, आणि त्याचा रंग बघून ठेवायचा. हिरवट-काळपट असलं तर बाळाने आत शी केलेली असते, ते पोचल्या पोचल्या सांगायचं.

आमच्या वाडीत फोनला रेंज मिळते ती फक्त देवळाच्या चढावर. भाऊ भिजत तिथे गेला आणि 108 ला फोन लावला. गाडी आली, पण मोरीच्या पलीकडे थांबली, मोरीवरून पाणी वाहत होतं. अलीकडे आम्ही जीपमध्ये बसून पाणी ओसरायची वाट बघितली. ते बसणं मी विसरणार नाही. बाहेर बेडकांचा आवाज, काचेवर पाऊस, आणि दर कळेला आई माझ्या कंबरेवर तळहात दाबून धरायची. दिवसा, कोरड्या रस्त्यावर निघता आलं असतं तर यातलं काही झालं नसतं. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेला ज्यांची घरं आहेत त्यांनी जून ते सप्टेंबरमधली तारीख असली तर आठवडाभर आधीच रस्त्यालगतच्या नातेवाइकाकडे उतरावं. खालापुरातल्या इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. 19 जुलै 2023 च्या रात्री तिथे दरड कोसळली तेव्हा मदतीला निघालेल्या धडधाकट माणसांनाही चिखलातून पायी चढावं लागलं. तसल्याच पायवाटांवरून आजही बाया झोळीतून खाली आणल्या जातात. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बायांना तर माहेरही नाही आणि सासरही नाही. भट्टी ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या आशाताईचा नंबर मुकादमाकडून आल्या आल्या मागून घ्यायचा, तो त्यांचा हक्क आहे.

पाणी ओसरल्यावर रुग्णालयात पोचलो. सिस्टरनी तपासलं, गर्भाच्या पिशवीचं तोंड अर्धं उघडलं होतं. त्यांनी मला फेऱ्या मारायला लावल्या, घोट घोट पाणी दिलं, आणि तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत जोर करू नकोस असं पुन्हा पुन्हा सांगितलं. अवेळी जोर केला की बाई थकते आणि तोंडाला सूज येते. पोटावरून दाबून बाळ खाली ढकलायला कुणाला देऊ नका. कळा वाढवायचं इंजेक्शन घरी कुणी टोचत असेल तर हात धरा. त्याने पिशवी फाटू शकते, आणि ते समजेपर्यंत उशीर झालेला असतो. ओरडायला येतं, खुशाल ओरडा. सोबतीला आपलं बाईमाणूस आत ठेवायला केंद्र सरकारने 2016 पासून मान्यता दिली आहे, ते मागून घ्या.

उजाडता उजाडता मुलगी झाली. रडली, तिला माझ्या छातीवर ठेवलं, थोड्या वेळाने वारही पडली. आणि मग जे सगळीकडे होतं तेच झालं. आई बाळाकडे, काकी फोनवर, भाऊ पेढ्यांचं बघायला. सुटका झाली म्हणून सगळ्यांनी श्वास सोडला. सोबत आलेली आशाताई तेवढी माझ्या पायाशी बसून राहिली.

मला थंडी वाजायला लागली. घसा कोरडा पडला, कानात घूं घूं आवाज यायला लागला, समोरची भिंत लांब गेल्यासारखी वाटली. दुखत मात्र काहीच नव्हतं, हे मुद्दाम सांगते. आशाताईने पांघरूण उचललं आणि एकच हाक मारली, “सिस्टर!” सिस्टरनी बेंबीखाली हात घातला. तिथे पिशवी नारळासारखी टणक लागायला हवी, ती लागतच नव्हती. त्यांनी मुठीने पोट चोळायला सुरुवात केली, दुसऱ्या सिस्टरनी दोन्ही हातांना सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. मला पुढे पाठवायचं ठरलं. गाडी निघाली तेव्हा धाकटा भाऊ पुढच्या सीटवर होता आणि वाटेतच फोनवरून माझा रक्तगट कळवत होता. मोठ्या रुग्णालयात रक्त चढलं, त्यातली एक पिशवी त्याची.

हे का होतं ते नंतर डॉक्टरबाईंनी समजावलं. भरल्या दिवसांत पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात आणि पिशवी आकसली तरच ती आवळली जातात. पिशवी ढिली राहिली तर बाई तास-दोन तासांत हातची जाते. अर्धा लिटरहून जास्त रक्त गेलं की ते धोक्याचं. बाळंतपणात दगावणाऱ्या बायांमध्ये सगळ्यात मोठं कारण हेच, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत आधी काही खूण नसते. म्हणूनच बाळ जन्मल्याबरोबर प्रत्येकीला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. घरी बाळंत होणाऱ्या बाईला ते मिळत नाही. मला ते मिळूनही पिशवी आकसली नाही, मग घरी काय झालं असतं याचा विचार करा.

घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. बाळाला बघायला दहा जण असतात, वार पडल्यानंतरचे दोन तास एका बाईने फक्त बाळंतिणीपाशी बसावं. पॅड किती वेळात भिजतंय, गुठळ्या पडतायत का, ती गप्प गप्प होतेय का, हे बघावं. “थकली असेल, झोपू दे” म्हणून दिवा मालवू नये. निदान दोन दिवस रुग्णालयातून हलू नये. घरी शेगडी वाट बघत असली तरी बघू दे.

ज्या बाईच्या अंगात रक्तच कमी, तिला थोडं गेलं तरी पेलवत नाही. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे कमी, 7 च्या खाली म्हणजे जोखीम. लोहाच्या गोळीने शी काळी होते म्हणून आमच्याकडे किती जणी ती गोळी चुलीत टाकतात! काळी होणारच, घाबरू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या, बाळंत झाल्यावरही सहा महिने घ्या. आणि जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडेल, असं सांगून सुनेचं ताट कमी करणाऱ्या घरांचा मला राग येतो, तो मी लपवत नाही.

पैशासाठी थांबू नका. जून 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, न्यायची आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे. कागद नंतर होतात.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. 1886 साली फिलाडेल्फियाला डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा. कर्जतहून लोकल पकडली की तासाभरात कल्याण येतं. मुलगी मांडीवर असली की मला तिथे त्यांची आठवण होते, आणि अजून आमच्या वाड्यांवर कोणत्या गोष्टी पोचायच्या राहिल्यात तेही आठवतं.

ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे त्यांनी एवढं विसरू नये: बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर पुढच्या बाळाला त्रास होऊ शकतो. माझ्या मुलीचा पॉझिटिव्ह होता, मला ते मिळालं. आणि एकदा जिचं असं रक्त गेलंय तिला पुन्हा जाण्याचा धोका जास्त असतो. दुसऱ्या खेपेला नाव नोंदवायला जाल त्याच दिवशी, सिस्टरनी विचारायची वाट न बघता सांगा की मागच्या वेळी खूप रक्त गेलं होतं, रक्त चढवावं लागलं होतं. ते कार्डावर लाल शाईने लिहून घ्या, आणि बाळंतपण जिथे रक्त आणि भूलतज्ज्ञ दोन्ही आहेत अशाच ठिकाणी ठरवा.