खिळ्याशिवाय जोडलेले लाकूड



तुम्ही रिहल पाहिली असेल. कुराणशरीफ वाचताना आपण ते रिहलवर ठेवतो. चांगली रिहल एकाच फळीतून कापून काढलेली असते. तिला खिळा नसतो, लोखंडी बिजागरीही नसते. तरीही ती उघडते, मिटते आणि ग्रंथाचा भार पेलते. तुर्कस्तानातही रिहल वापरतात. तेथे तिला 'राहले' म्हणतात.

खिळ्याशिवाय लाकूड जोडण्याचे आणखी एक कसब तुर्कस्तानात आहे. त्याचे नाव कुंदेकारी. हे नाव ऐकून तुम्हांला उर्दूतील 'कंदाकारी' हा शब्द आठवेल. कंदाकारी म्हणजे कोरीव काम. कुंदेकारीत मात्र खरे महत्त्व जोडकामाला आहे. कारागीर अक्रोडासारख्या कठीण लाकडाचे चांदणीच्या किंवा अष्टकोनाच्या आकाराचे लहान तुकडे करतो. मधल्या पट्ट्यांना तो खाचा पाडतो आणि तुकड्यांच्या कडा त्या खाचांत नेमक्या बसवतो. खिळा नाही आणि सरसही नाही!

एवढी खटपट कशासाठी? केवळ शोभेसाठी नव्हे. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. मोठी फळी खिळ्यांनी जखडली, तर ती वाकते किंवा तडकते. कुंदेकारीत प्रत्येक तुकड्याला खाचेत किंचित हलायला जागा असते. कोन्या शहरातील अलाउद्दीन मशिदीचा मिंबर याच पद्धतीचा आहे. तो ११५५ साली तयार झाला. काही कारागीर मात्र फळीवर खिळ्यांनी तुकडे ठोकून तशीच नक्षी करीत. पुढे लाकूड आकसले आणि त्या कामात फटी दिसू लागल्या.

आज तुर्कस्तानात कपाटांच्या दारांवर, मेजांवर आणि खोलीतील आडोशांवर ही नक्षी पुन्हा दिसते. आकृती संगणकावर काढतात, लाकूड यंत्राने कापतात. त्यात गैर काही नाही. पण फळीवर नुसत्या चांदण्या चिकटवल्या, तर ती केवळ नक्कल होते. लाकडाला हलायला जागा ठेवून सांधा जोडला, तर कपाट नव्या घाटाचे असले तरी जुनी विद्या त्यात जिवंत राहते.

म्हणून एखादे सुंदर दार पाहाल, तेव्हा नक्षीबरोबर त्याचा सांधाही पाहा.

शब्दार्थ
कसब – हुन्नर, कौशल्य
सरस – लाकूड चिकटवण्याचा पदार्थ
आकसणे – आकाराने लहान होणे
सांधा – जोड

स्वाध्याय
१. कुंदेकारी आणि कंदाकारी यांत काय फरक आहे?
२. खिळ्यांनी जखडलेली फळी का तडकते?
३. तुमच्या घरातील एका लाकडी वस्तूचे सांधे पाहा व पाच वाक्ये लिहा.