घरचा धंदा आणि नोकराची वफादारी

आम्हा कापडवाल्यांची वाशी-कोपरखैरण्यातली दुकाने बहुधा घरचीच. गल्ल्यावर बाप नाहीतर भाऊ, ठाण उलगडायला पगारी माणूस. माणूस टिकत नाही, कारण पगार कमी, असे म्हणतात. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला आणि शिक्षा भोगून सुटलेल्यांना राखणीला नेमले. विश्वास आधी मालकाने टाकला, वफादारी मागून आली. आपल्याकडे उलटे. जुन्या माणसाला खरेदीचा भाव कळू द्यायचा नाही, आणि कालच कॉलेजातून आलेला मुलगा त्याला गिऱ्हाइकासमोर झापणार! दोन भावांचे दोन हुकूम, हे आणखी वेगळे दुखणे. असा माणूस थोडे जास्त मिळताच शेजारी जातो, गिऱ्हाईकही त्याच्यामागे जाते.

मुलाला गल्ल्यावर बसवण्याआधी वर्षभर त्याच माणसाच्या हाताखाली ठाण मोजू द्यावे. हुकूम कोणाचा, ते घरातच ठरवावे. दहा माणसे असलेल्या दुकानात पाच वर्षे काढलेल्या कायम नोकराला सुटताना दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून कायद्याने द्यावा लागतो. तो हक्क आहे, बक्षिसी नव्हे. रक्कम दरमहा बाजूला काढत जावी.