सहलीसाठी टेकडीची वाट निवडताना

पुण्यास सहल न्यावयाची म्हणजे सिंहगड, असे समीकरण पुष्कळ शाळांतून रूढ आहे. इतिहासाच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु सुमारे १३०० मीटर उंचीच्या त्या गडाची पायवाट तिसरी-चौथीच्या मुलांस झेपेल काय, याचा विचार क्वचितच होतो. आपली मुले चालण्यास कणखर असतात हे खरे; तथापि वर्गातील सर्वांत अशक्त मूल हेच वाटेचे माप मानावे.

लहानांसाठी पर्वती उत्तम. सुमारे शंभर रुंद दगडी पायऱ्या चढल्या की नानासाहेब पेशव्यांच्या काळचे देवदेवेश्वराचे मंदिर लागते. टेकड्यांच्या कुशीतील शहर तेथून दिसते. दिशांचा पाठ तेथेच घ्यावा.

मोठ्या मुलांस वेताळ टेकडीवर न्यावे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. पण शहरच सुमारे ५६० मीटरवर वसलेले, तेव्हा प्रत्यक्ष चढ किती? (ही वजाबाकी मुलांकडूनच करवून घ्यावी.) तेथील जुन्या दगडखाणीत पाणी असते; तिच्या काठाशी कोणासही जाऊ देऊ नये.

चढापेक्षा उताराची चौकशी अधिक करावी. दमलेले मूल चढताना आपण होऊन थांबते, उतरताना मात्र धावत सुटते, आणि सुट्या मुरुमावर पाय घसरतो. म्हणून शिक्षकाने ती वाट आधी स्वतः उतरून पाहावी, तीही मुले उतरणार त्याच वेळी. सकाळी सावलीत असलेली वाट अकराच्या सुमारास तापलेली असते. एका शिक्षकाने पुढे, एकाने सर्वांच्या मागे राहावे आणि निम्मे पाणी परतीसाठी राखावे.