विसावा : तिसरी आज्ञा आणि आपला थकवा



घरभेटीला गेल्यावर 'कसं काय चाललंय?' असे विचारले की आजकाल बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते : 'फादर, फार दमायला होतं.' हे केवळ वयस्कर माणसांचे उत्तर नाही. पहाटेची लोकल पकडून पनवेलहून मुंबईला जाणारे वडील, तळोज्याच्या कारखान्यात आलटून पालटून पाळी करणारा तरुण, ऐरोलीच्या कंपनीतून घरी येऊनही लॅपटॉप उघडून बसणारी मुलगी, शाळा आणि क्लासच्या फेऱ्यांत अडकलेली मुले आणि या सर्वांचे डबे भरून देणारी आई, सगळेच दमलेले. रविवारी उशिरापर्यंत झोपूनही सोमवारी सकाळी तोच थकवा उशाशी बसलेला असतो. अंगाचा शीण झोपेने जातो, मग हा शीण का जात नाही? आज आपण याच प्रश्नाचा तिसऱ्या आज्ञेच्या प्रकाशात विचार करू या.

हा थकवा कसला?

१९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने अशा थकव्याला 'बर्नआऊट' हे नाव दिले. जळून जळून दिव्यातले तेल संपावे तशी ही अवस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली. संघटना त्याला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आवरता न आल्यामुळे निर्माण होणारी अवस्था, असे म्हणते. तिची लक्षणे तीन : शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे.

याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे त्यात आढळले. यात आपल्या लोकलचा प्रवास धरलेलाच नाही! तेव्हा विसावा ही चैन नव्हे. तो जिवाचा प्रश्न आहे.

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

रविवारची सुट्टी आज आपल्याला हवा-पाण्यासारखी आपोआप मिळालेली वाटते. परंतु आपल्याच मुंबईत कष्टकऱ्यांनी ती झगडून मिळवली आहे. एकोणिसाव्या शतकात कापड गिरण्यांतील कामगार दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. त्यांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने निवेदन तयार झाले. दर रविवारी सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या प्रमुख मागण्या होत्या. म्हणजे माणसाने पोटात चार घास घालावेत यासाठीसुद्धा अर्ज करावा लागत होता!

सहा वर्षे हा लढा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी आलेल्या कारखाना कायद्यातही साप्ताहिक सुट्टीची तरतूद झाली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणूनही लोखंडे यांनी तो मागितला असे सांगितले जाते. विसाव्याची भूक सर्व धर्मांच्या माणसांना सारखीच असते, हे आपण येथे ध्यानात घ्यावे.

लगेच पुढच्या वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे कामगारविषयक परिपत्रक प्रसिद्ध केले. रविवारी आणि सणाच्या दिवशी विश्रांती मिळणे हा कामगाराचा हक्क आहे, असे त्यांनी त्यात बजावले. ही विश्रांती म्हणजे नुसते रिकामे बसणे नव्हे, ती देवाच्या स्मरणाने पवित्र झालेली असावी, हेही त्यांनी सांगितले. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहाशयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण करून दिली.

गिरणीतल्या माणसांनी जो दिवस मालकाकडून मागून घेतला, तो आपण आज मोबाईल हाती धरून आपल्या हातांनी परत देत आहोत का, हा खरा प्रश्न आहे.

विसावा म्हणजे आळस नव्हे

आपल्याकडे रिकामा बसलेला माणूस आळशी समजला जातो. त्यामुळे पुष्कळांना विश्रांती घेताना अपराधी वाटते. याबाबतीत संत थॉमस अक्वायनस यांचा विचार मोलाचा आहे. ते म्हणतात, शरीराची शक्ती मर्यादित असते म्हणून त्याला विश्रांती लागते. आत्म्याची शक्तीही तशीच मर्यादित असते, म्हणून त्यालाही विसावा हवा. हे पटवण्यासाठी ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही जण नाराज झाले. तेव्हा त्याने एका धनुर्धाऱ्याला विचारले, 'तुला असेच सतत बाण सोडता येतील का?' तो म्हणाला, 'नाही, धनुष्य मोडेल.' योहान म्हणाला, 'माणसाच्या मनाचेही तसेच आहे.'

संत थॉमस यांचा याहून सूक्ष्म मुद्दा असा, की आत्म्याचा आळस हे तिसऱ्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. आपल्याला वाटते, आळशी माणूस कामाच्या आज्ञेचा भंग करतो. संत थॉमस म्हणतात, त्याचे मन देवाच्या ठायी विसावत नाही, म्हणून तो विसाव्याच्या आज्ञेचा भंग करतो. याचा अर्थ सहा दिवस धावाधाव करणारा आणि सातव्या दिवशी दहा मिनिटेही शांत बसू न शकणारा माणूस या बाबतीत आळशी माणसाचाच भाऊ ठरतो! रविवारभर टीव्ही आणि मोबाईल पाहूनही ताजेतवाने का वाटत नाही, याचे उत्तर येथे सापडते. आपण काम थांबवले, परंतु मन कोठेच टेकवले नाही.

प्रभू येशू 'नाही' म्हणाला

विसाव्यासाठी मर्यादा घालावी लागते आणि मर्यादा घालण्यासाठी कधीकधी 'नाही' म्हणावे लागते. हे आपल्याला जड जाते. 'लोक काय म्हणतील? साहेब काय म्हणतील? मी नाही तर कोण करणार?' या तीन प्रश्नांपुढे आपण नमतो.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पाहा. कफर्णहूम गावात येशूने रात्री उशिरापर्यंत आजाऱ्यांना बरे केले. पहाटे अंधारातच तो उठला आणि एकांत जागी प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले. सगळे लोक तुला शोधत आहेत, असे त्यांनी सांगितले. येशू परत गेला नाही. त्याने दुसऱ्या गावांची वाट धरली. कफर्णहूममधले सगळे आजारी बरे झाले होते म्हणून तो निघाला असे नाही. पित्याने आपल्याला कशासाठी पाठवले आहे हे त्याला प्रार्थनेत स्पष्ट झाले होते. ज्याला आपले 'हो' कशासाठी आहे हे कळते, त्यालाच 'नाही' म्हणता येते.

जुन्या करारातही हाच धडा आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसे. त्याचा सासरा इथ्रो याने त्याला स्पष्ट सांगितले, की अशाने तूही झिजशील आणि लोकही झिजतील, योग्य माणसे निवड आणि काम वाटून दे (निर्गम १८). एलिया संदेष्टा तर इतका खचला, की रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही, रागेही भरला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. मगच होरेबची लांब वाट त्याच्यापुढे ठेवली (१ राजे १९). आपल्या घरात कोणी असे खचले असेल, तर उपदेश करण्यापूर्वी आपण भाकर आणि झोप देतो का?

आठवड्याचा मेगाब्लॉक

आपल्या हार्बर मार्गावर पुष्कळ रविवारी मेगाब्लॉक असतो. आपण कुरकुर करतो, पण रूळ, सिग्नल आणि तारा यांची देखभाल गाड्या धावत असताना नीट होत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असते. रेल्वे त्याची वेळ आधी जाहीर करते. सर्व प्रवासी घरी पोहोचल्यावर काम करू, असे ती म्हणत नाही, कारण तशी वेळ कधीच येणार नाही. आपणही 'सगळी कामं संपली की विसावा घेईन' असे म्हणतो. कामे कधीच संपत नाहीत. विसाव्याची वेळ आधी ठरवावी लागते आणि कामाला तिच्याभोवती बसवावे लागते. यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील :

१. रविवारची मिस्सा आधी ठरवा, बाकीचे कार्यक्रम नंतर. ज्यांची रविवारी पाळी असते त्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साचा लाभ घ्यावा आणि सुट्टीचा वार विसाव्यासाठी पाळावा.

२. रोज रात्री एक ठरलेली वेळ झाली की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. कार्यालयात तसे आधीच नम्रपणे सांगून ठेवा. आधी सांगितलेली मर्यादा लोक मानतात. ऐनवेळी सांगितलेली त्यांना सबब वाटते.

३. आठवड्यातून एक जेवण सर्वांनी एकत्र, घाई न करता घ्या.

४. रोज दहा मिनिटे गप्प बसा. काही मागू नका, काही वाचू नका. देवासमोर नुसते असा.

५. धर्मग्रामातील कामांनाही हे लागू आहे. गायनवृंद, धर्मशिक्षण, सणाची तयारी या सर्वांसाठी तीच चार माणसे धावत असतील, तर इथ्रोचा सल्ला आपल्यालाच आहे.

सहा-आठ आठवडे असे करूनही थकवा हटत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. रक्त कमी होणे, थायरॉईडचा विकार, नैराश्य यांचाही थकवा असाच असतो. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

माझा विसावा कोणाच्या खांद्यावर?

आता आज्ञेच्या ज्या भागाकडे आपले सहसा लक्ष जात नाही, तो पाहू. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात विसावा घेणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, इतकेच काय, बैल आणि गाढवही आहे. कारणही दिले आहे : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा. आपला शेतकरी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. जे आपण बैलाला देतो, ते घरातल्या बाईला देतो का? रविवारी सर्वांना सुट्टी म्हणून घरी खास जेवण आणि त्यासाठी आईचा निम्मा दिवस ओट्यापाशी! मार्था आणि मरिया यांची गोष्ट वाचून आपण मार्थेला नावे ठेवतो. तिच्या मदतीला कोणीच का उठले नाही, हेही विचारावे.

कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २१८७) सांगतो, की प्रभूच्या दिवशी इतरांना विनाकारण कामाला लावू नये. सोसायटीचा रखवालदार, घरकाम करणाऱ्या ताई, दारात जेवण आणून देणारा मुलगा यांना 'नाही' म्हणण्याची सोय नसते. त्यांनी 'नाही' म्हटले तर त्या दिवसाचा पगार जातो. म्हणून त्यांची मर्यादा आपण सांभाळायची असते. घरकाम करणाऱ्या ताईंना आठवड्याची एक भरपगारी सुट्टी देणे, हे तिसऱ्या आज्ञेचे पालनच आहे. विसावा माणसाला इतरांच्या हक्कांविषयी अधिक जागे करतो, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात म्हटले होते. आपला विसावा खरा आहे की नाही, याची ही चांगली कसोटी आहे.

प्रभू येशू थकलेल्या, ओझ्याने वाकलेल्या सर्वांना आपल्याजवळ बोलावतो (मत्तय ११). तो आपल्याला बिनकामाचे आयुष्य देऊ करत नाही, आपले जू देऊ करतो. जू दोघांनी ओढायचे असते. शेजारी तो चालत असेल, तर कोठे थांबायचे हेही तोच दाखवील.

कुटुंबात चर्चेसाठी :
• आपल्या घरात रविवारी सर्वांत जास्त कोण दमते? त्या व्यक्तीचे कोणते काम आपण वाटून घेऊ?
• या आठवड्यात मी कोणत्या एका गोष्टीला नम्रपणे 'नाही' म्हणणार आहे?
• माझ्यासाठी राबणाऱ्या कोणाला मी विसावा देऊ शकतो?

दयाळू पिता आपणा सर्वांना त्याच्या ठायी विसावा देवो.

– आपला धर्मगुरू